चादर, टॉवेल, शेंगाचटणी: ऑनलाइन विकायचं, पण कुठे?

"ॲमेझॉनवर टाकू, की मीशोवर?" सोलापुरात नव्यानं ऑनलाइन विक्रीत उतरणारा आधी हेच विचारतो. त्याच्याही आधी करायचं एक काम आहे आणि त्याला इंटरनेट लागत नाही. विकायचा एक नग घ्या, गिऱ्हाइकाला पाठवाल तसाच पॅक करा, वजनकाट्यावर ठेवा आणि टेपनं लांबी, रुंदी, उंची मोजा. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा. कुठे विकायचं याचं निम्मं उत्तर त्यातच असतं.

दुकानातलं गिऱ्हाईक माल स्वतःच्या पिशवीतून घरी नेतं. ऑनलाइन गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत तो पोचवायचा खर्च तुमच्याच किमतीतून जातो, मग साइटवर 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेलं असो वा नसो. शिवाय कुरियर कंपनी नुसतं वजन बघत नाही, गाडीत किती जागा अडली तेही बघते. गाद्या भरलेला टेम्पो वजनानं हलका असला तरी जागेनं भरतोच. म्हणून पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ५००० नं भागतात. येतो तो आकडा म्हणजे किलोतलं आकारमानी वजन. खरं वजन आणि आकारमानी वजन यांत जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. बहुतेक ठिकाणी हे भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतं.

चार सेंटिमीटरची किंमत

६० बाय ९० इंची एक जेकार्ड चादर घेऊ. पॅकिंगसकट वजन धरा ९९० ग्रॅम, म्हणजे किलोच्या आत. नेहमीची घडी घालून पिशवीत सरकवली की पार्सल होतं ३८ बाय ३० बाय ९ सेंटिमीटर. गुणाकार १०,२६०, भागिले ५०००, म्हणजे २.०५ किलो. टप्पा लागला अडीच किलोचा. तीच चादर पसरट घडी घालून, रात्रभर फळीखाली वजन ठेवून दाबली, सुतळीनं आवळली आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कुरियर पिशवीत घातली की उंची ५ सेंटिमीटरवर येते. आता ५,७०० भागिले ५०००, म्हणजे १.१४ किलो, टप्पा दीड किलोचा. काट्यावर वजन दोन्ही वेळा तेच, भाडं मात्र दोन टप्प्यांनी उतरलं.

याचा नफ्यावर काय परिणाम होतो ते आकड्यांत बघू. खालचं कमिशन, भाडं आणि परतीचं प्रमाण समजण्यापुरतं धरलेलं आहे. प्रत्येक साइटचे दर वर्गवारीप्रमाणे वेगळे असतात आणि वरचेवर बदलतात, त्यामुळे तुमच्या नगाचे आकडे त्या साइटच्या फी कॅल्क्युलेटरमध्ये घालूनच हा हिशोब पुन्हा करा.

चादर विकली ५९९ रुपयांना. किंमत जीएसटीसकट असते. ५ टक्के दरानं त्यातले साडेअठ्ठावीस रुपये सरकारचे, उरले ५७०.५०. साइटचं कमिशन १० टक्के, म्हणजे ६० रुपये. ठरावीक फी २५ रुपये. दीड किलोच्या टप्प्याचं लांबच्या राज्यापर्यंतचं भाडं ११० रुपये. हे झाले १९५. पॅकिंगचे १२. कारखान्यातून चादर पडली २७० रुपयांना. सगळं वजा जाता हातात राहिले साधारण ९३ रुपये. (फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये, वेगळे कापले जातात. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून ते वजा होतात. नसेल तर ते ३५ रुपयेही गेले असं समजा.)

इथे बरेच जण हिशोब थांबवतात आणि इथेच फसतात. पाठवलेल्यातला काही माल परत येतोच. १०० चादरी पाठवल्या, १२ परत आल्या. परत आलेल्या एका चादरीमागे दोन्ही बाजूंचं भाडं, नवं पॅकिंग आणि मळलेल्या नगांची घट मिळून २५० रुपये गेले असं धरू. विकल्या गेलेल्या ८८ चादरींचे ८,१८४ रुपये, त्यातून ३,००० वजा, राहिले ५,१८४. म्हणजे पाठवलेल्या चादरीमागे ५२ रुपये. चालेल असा धंदा आहे.

आता घडी न दाबता तेच पार्सल अडीच किलोच्या टप्प्यात गेलं आणि भाडं ११० ऐवजी १५० लागलं असं धरा. नगामागे ९३ चे ५३ झाले. परतीचा खर्च दोन्ही बाजूंनी वाढून ३३० वर गेला. ८८ गुणिले ५३ म्हणजे ४,६६४, वजा ३,९६०, राहिले ७०४. पाठवलेल्या चादरीमागे ७ रुपये! चार सेंटिमीटर हवा पाठवली, तिनं पंचेचाळीस रुपये खाल्ले.

दुसरा मासलाही बघा. शेजारचा विक्रेता ४४९ ला विकतो म्हणून तुम्हीही ४४९ लावले. जीएसटी जाऊन ४२७.६०, फी आणि भाडं १८०, पॅकिंग १२, माल २७०. नग विकल्यावर ३४ रुपये तोटा, तोही एकही परत न येता. त्याला ते परवडत असेल तर त्याची चादर हलकी असेल, सूत वेगळं असेल किंवा तो जुना माल मोकळा करत असेल. त्याची किंमत बघून आपली ठरवू नये. ऑर्डर वाढल्या की हा तोटाही वाढत जातो, आणि पैसे आठवड्यानं खात्यात येत राहिल्यामुळे दोन महिने तो कळतसुद्धा नाही.

दाबून पॅक करण्यात एक धोका आहे. सुती कापडात ओल राहिली आणि ते प्लॅस्टिकमध्ये आवळलं की चार दिवसांत कुबट वास धरतं, पावसाळ्यात तर बुरशीही येते. पॅक करण्याआधी चादर पूर्ण कोरडी हवी. टेरी टॉवेलचे लूप दाबले जातात, पण एका धुण्यात पुन्हा उभे राहतात. तशी ओळ कागदावर छापून आत ठेवली तर 'पातळ टॉवेल आला' ही तक्रार कमी होते.

पार्सल काट्यावर असताना आणि शेजारी टेप धरून, असे दोन फोटो प्रत्येक प्रकारच्या नगाचे काढून ठेवा. कुरियरच्या यंत्रानं जास्त वजन नोंदवलं तर फरक तुमच्याच पैशांतून कापला जातो आणि तो परत मागायला हेच फोटो लागतात.

कोणत्या मालाला कोणती जागा

ऑनलाइन जागा म्हणजे वेगवेगळे बाजार आहेत. मंगळवार बाजारातलं गिऱ्हाईक आणि नवी पेठेतलं गिऱ्हाईक जसं एक नसतं, तसंच इथेही.

ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टवर माणूस बहुधा नाव टाइप करून वस्तू शोधतो. ज्या मालाला लोकांच्या तोंडी नाव आहे त्याला ही जागा चांगली. 'सोलापुरी चादर' हे नाव देशभर ठाऊक आहे, त्यामुळे चादरीनं इथून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र या नावाची दुसरी बाजूही समजून घ्या. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. तरीही बाहेर विणलेल्या स्वस्त चादरी याच नावानं साइटवर दिसतात. तुमची खरी चादर त्यांच्याच रांगेत लागते आणि गिऱ्हाइकाला पडद्यावर सूत हाताळता येत नाही. म्हणून वजन ग्रॅममध्ये, माप इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत, शुद्ध सुती की मिश्र, आणि कुठे विणली, हे सगळं लिहा. दशीचा आणि किनारीचा जवळून फोटो द्या. जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून जीआय कायद्याखाली नोंदणी करता येते. चादर स्वतः विणणाऱ्यानं ती करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. नावावर हक्क सांगायचा तर कागद हाताशी हवा.

मीशो विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही. ऐकायला हे फार चांगलं वाटतं, पण तिथलं गिऱ्हाईक किंमत बघूनच बोट लावतं. नॅपकिनचे संच, पंचे, रोज वापरायचे गाऊन, अशा कमी किमतीच्या आणि जास्त खपाच्या मालाला ती जागा जुळते. हजार-बाराशेची जाड चादर तिथे पडून राहील. कमिशन शून्य असलं तरी परतीचं भाडं शून्य नसतं, ते आपल्या हिशोबात धरावंच लागतं.

साठ रुपयांचा एक नॅपकिन मात्र कुठेच एकटा विकू नका. अर्ध्या किलोच्या आतला नग असला तरी पहिल्या टप्प्याचं पूर्ण भाडं लागतं, ते नॅपकिनच्या किमतीएवढंच होऊन बसतं. सहाचा किंवा बाराचा संच लावा. भाडं एकदाच लागेल आणि ते सगळ्या नगांत वाटलं जाईल.

शाळेचे गणवेश हा सोलापूरचा मोठा धंदा, पण सुट्या गणवेशाची ऑनलाइन विक्री नवख्यानं पहिल्या वर्षी करू नये. प्रत्येक शाळेचा रंग वेगळा, प्रत्येक रंगात आठ-दहा साइझ, आणि साइझ चुकला की नग परत. सगळा हंगाम मे-जूनमध्ये उरकतो, मग उरलेला माल वर्षभर अडकून बसतो. गणवेशाला आणि एकाच रंगाच्या शेकड्यानं टॉवेलांना ठोक गिऱ्हाईक हवं. त्यासाठी दोन जागा आहेत. इंडियामार्टवर दुकान नसतं, चौकशा येतात. तिथे फोन उचलून भाव देणं, नमुना पाठवणं आणि आगाऊ रक्कम ठरवून घेणं हे काम तुमचंच. दुसरी जागा जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. वसतिगृहं, रुग्णालयं, पोलीस, रेल्वे यांना चादर-टॉवेल लागतात आणि ते इथून घेतात. जेमवर जायचं तर आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे, लगेच बंद करा. केंद्र सरकारच्या खात्यांना वर्षाच्या खरेदीतला निदान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्याचा फायदा या नोंदणीमुळे मिळतो. ठोकात बिल थकतं हे सोलापूरला सांगायला नको. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी लागते.

ओएनडीसीबद्दलही विचारणा होते. ते एक खुलं जाळं आहे. एका विक्रेता-ॲपवर माल नोंदवला की जाळ्यातल्या वेगवेगळ्या खरेदी-ॲपवर तो दिसू शकतो. पहिली जागा म्हणून निवडू नका, दुसरी-तिसरी म्हणून बघा. परदेशी माल पाठवण्याचंही तसंच. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा, क्रमांक काढावा लागतो, त्याची फी ५०० रुपये आहे, आणि पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं कागदपत्रांत मदत करतात. पण तो दुसऱ्या वर्षाचा विषय.

स्वतःची वेबसाइट काढायचा मोह लवकर होतो. वेबसाइट म्हणजे गल्लीच्या आत घेतलेला गाळा. भाडं कमी, मालकी आपली, पण रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक आपोआप आत येत नाही, त्याला जाहिरात देऊन बोलवावं लागतं. साइटचं महिन्याचं शुल्क, पेमेंट गेटवेचे बहुतेक ठिकाणी साधारण २ टक्के, कुरियर आणि जाहिरात असे चार खर्च एकदम सुरू होतात. पन्नास-शंभर गिऱ्हाइकं नाव घेऊन परत मागू लागली की मग काढा.

शेंगाचटणीचं गणित वेगळं

चटणी ही चादरीच्या उलट वस्तू आहे. चादर माणूस दोन-चार वर्षांत एकदा घेतो, चटणी संपली की महिन्यात पुन्हा मागतो. परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी दर वेळी साइटला कमिशन भरत राहणं परवडत नाही. म्हणून चटणी, कडक भाकरी, मसाले यांची सुरुवात व्हॉट्सॲप बिझनेसवर करा. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले सोलापूरकर हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक, आणि त्यांना 'सोलापूरची चटणी म्हणजे काय' हे समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस मोफत आहे. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तूंपर्यंत लावता येतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून पहिल्याच पार्सलमध्ये 'हा नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी घाला. ऑर्डरवर लेबल लावा: नवी, पैसे आले, पाठवली. एकट्यानं भाव करणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा एका सोसायटीतल्या पाच घरांची मिळून ऑर्डर घ्या. पाव किलोची आठ पाकिटं वेगवेगळी पाठवण्यापेक्षा दोन किलोचं एकच पार्सल पाठवलं तर भाडं बरंच कमी लागतं.

चटणीत सगळ्यात जास्त बिघडतं ते पाकिटाचं सील. कांडलेल्या शेंगदाण्याला तेल सुटतं. पाकीट भरताना ते तेल तोंडाच्या आतल्या बाजूला लागतं, आणि तेल लागलेल्या जागी प्लॅस्टिकचे दोन थर उष्णतेनं नीट चिकटत नाहीत. घरी सील पक्कं वाटतं, गाडीत पार्सलवर पार्सल रचलं गेलं की तेल बाहेर येतं आणि दुसऱ्यांचा मालही खराब होतो. उपाय साधा आहे. रुंद तोंडाचं नरसाळं पाकिटात खोलवर घालून भरा, तोंड कोरड्या कागदानं पुसा आणि एकाखाली एक अशी दोन सीलं मारा. मग दहा पाकिटं कोऱ्या कागदावर आडवी ठेवून वर पाच किलोचं वजन ठेवा आणि सकाळी बघा. कागदावर तेलाचा डाग उठला तर ते पाकीट, ती मशीन किंवा तो हात बदलायला हवा. साध्या पारदर्शक पिशवीतून हवा आणि उजेड आत शिरतो आणि दाण्याचं तेल खवट होतं, म्हणून आतून चंदेरी थर असलेलं जाड पाकीट घ्या. काचेची बरणी कुरियरला देऊच नका.

खाण्याचा माल विकायला एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी किंवा परवाना लागतो, घरगुती असला तरी. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर होतो. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्यासोबत घटकपदार्थ जास्तीकडून कमीकडे या क्रमानं, निव्वळ वजन, बॅच, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, पत्ता, तक्रारीचा फोन आणि एमआरपी. शेंगदाण्याची अनेकांना ॲलर्जी असते, म्हणून 'यात शेंगदाणे आहेत' ही सूचना वेगळी छापणं बंधनकारक आहे. चटणीच्या नावातच शेंगा आहे म्हणून ती ओळ गाळू नका.

पुढे मोठ्या साइटवर जायचं झालं तर मुदतीकडे लक्ष द्या. गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मालाच्या मुदतीचा निदान ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, अशी सूचना एफएसएसएआयनं २०२४ मध्ये साइटना दिली आहे. दोन महिन्यांच्या मुदतीची चटणी गोदामात फार दिवस पडून राहिली तर ती विकता येणार नाही. ताज्या मालाला ताजा मार्ग, म्हणजे ऑर्डर आली की कांडायची आणि पाठवायची, हाच बरा.

जीएसटी: विजापूर जवळ, पण राज्य दुसरं

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण जागा निवडताना हाच अडतो. आपल्या दुकानातून माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन साइटवरून विकणाऱ्याला मात्र पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सूट आली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात असेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि तेवढ्यावर साइटवरून विकायचं. मीशोवर असा विक्रेता चालतो. बऱ्याच मोठ्या साइट मात्र पूर्ण जीएसटी नंबरच मागतात.

सोलापूरकरासाठी यात एक खास अडचण आहे. विजापूर आणि गुलबर्गा आपल्याला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, रोजचं जाणं-येणं, नातीगोती सगळी तिकडे. पण ते कर्नाटक. जीएसटी लागणारा माल राज्याबाहेर विकायचा तर एरवी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. व्हॉट्सॲपवरून विकला म्हणून हा नियम सुटत नाही. हैदराबादच्या गिऱ्हाइकालाही तेच लागू. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असलेल्या दुकानदाराला साइटवरून माल विकता येतो, पण तोही फक्त राज्यातल्या राज्यात. म्हणून आधी ठरवा: पहिलं वर्ष पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर एवढ्यावर काढायचं की देशभर जायचं? चटणीला महाराष्ट्र पुरतो. चादरीला पुरत नाही, तिला सरळ जीएसटी नोंदणी करून उतरवा.

नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, आधार, बँक खातं, जागेचं वीजबिल आणि जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतीपत्र एवढं लागतं. नोंदणी झाल्यावर विवरणपत्र दर महिन्याला किंवा तिमाहीला भरायचंच, विक्री शून्य असली तरी. शून्य विवरणपत्र चुकलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढतं. कापडी मालावर, म्हणजे चादर-टॉवेलवर, नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. टॉवेलचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ६३०२ नं सुरू होतो. चादरीचा कोणता लावायचा ते सीएला विचारून एकदाच पक्कं करा. मागून बदलला की सगळी बिलं तपासावी लागतात.

साइट तुमच्या पैशांतून जीएसटीपोटी ०.५ टक्के टीसीएस आणि आयकरापोटी ०.१ टक्के टीडीएस आधीच कापते. ५९९ च्या चादरीवर दोन्ही मिळून साडेतीन रुपयांच्या आत. हा खर्च नाही, विवरणपत्र भरताना परत मिळतो, पण तोवर तुमचं तेवढं भांडवल अडकतं.

खातं उघडताना अडणारी सगळ्यात नेहमीची गोष्ट म्हणजे नाव. जीएसटीवर वडिलांचं नाव, बँक खातं मुलाचं आणि साइटवरचा अर्ज सुनेच्या फोनवरून. मग पडताळणीच होत नाही आणि पैसे अडकतात. पॅन, जीएसटी आणि बँक खातं एकाच नावाचं घ्या. सांगोला, करमाळा, मंगळवेढ्याकडच्या गावातून माल उचलायचा असेल तर आधी आपल्या पिनकोडवर त्या साइटचं पिकअप येतं का ते तपासा. येत नसेल तर शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता पिकअपला द्यावा लागेल आणि तो जीएसटीत जादा जागा म्हणून नोंदवावा लागेल.

पहिल्या तीन महिन्यांत बिघडतं ते

रंग. चादर परत येण्याचं मोठं कारण 'फोटोत मरून, हातात लाल'. ट्यूबलाइटखाली फोटो काढले की रंग बदलतो. सकाळी नऊच्या सुमारास, सावलीत, उघड्या दाराजवळ पांढऱ्या कागदावर फोटो काढा आणि फिल्टर लावू नका. ॲमेझॉनवर पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला आणि मोठी बाजू निदान १,००० पिक्सेलची हवी, नाहीतर झूम होत नाही. माप लिहिताना धुतल्यानंतरचं माप लिहा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गिऱ्हाईक टेप लावून बघतं.

साठा. मागावरून एका डिझाइनच्या चादरी वेगवेगळ्या रंगांत येतात आणि प्रत्येक रंगाचे चार-पाचच नग हाती असतात. साइटवर ऑर्डर पडली आणि तो रंग संपलेला असला की ऑर्डर रद्द करावी लागते. तुमच्याकडून रद्द झालेली ऑर्डर खात्याच्या गुणांत मोठी घट करते, दोन-चारदा झालं तर खातं थांबवलं जातं. सुरुवातीला तीनच रंग लावा, पण प्रत्येकाचे निदान दहा नग घरात असू द्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, या दिवसांत कारखानेही बंद असतात आणि हातही मोकळे नसतात. साइटवर सुट्टीची नोंद चार दिवस आधी करा.

खोटे पैसे. व्हॉट्सॲपवर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट येतो आणि माणूस घाई करतो. स्क्रीनशॉट बघून माल सोडू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली तरच सोडा. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असं कुणी म्हणालं तर तो ठकवायलाच आला आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. अनोळखी गिऱ्हाइकाला कॅश ऑन डिलिव्हरी द्यायची तर ५०-१०० रुपये आगाऊ घ्या. पार्सल दारातून परत आलं तरी कुरियर जातानाचं आणि बहुधा येतानाचं भाडं लावतं.

अदलाबदल. परत आलेल्या पाकिटात तुमच्या चादरीऐवजी जुनी चादर निघते. पॅक करताना ऑर्डर क्रमांक दिसेल असा छोटा व्हिडिओ आणि परत आलेलं पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ, दोन्ही ठेवा. दावा करायची मुदत थोड्या दिवसांची असते. परतीचा ढीग रविवारी उघडू म्हटलं की ती निघून जाते.

एका जागी एकच वस्तू घेऊन तीन महिने काढा आणि दर रविवारी चार आकडे लिहा: पाठवले किती, परत किती आणि कशामुळे, खात्यात खरोखर जमा किती, जाहिरातीला गेले किती. परतीचं एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी ते दुरुस्त करा. तीच चादर दुसऱ्या साइटवर नेली तर तीच तक्रार तिथेही येईल. परतीचं प्रमाण धरून नगामागे ठरवलेले पैसे सुटत असतील तेव्हाच दुसरी जागा उघडा. दोन्हीकडे दाखवायचा साठा मात्र वाटून लावा. कपाटात २० चादरी असतील तर एकीकडे १२, दुसरीकडे ६, आणि दोन नग बाजूला, बदलून द्यायला.